इस्पिकची छक्की

एकदा एक शिष्य भर दुपारी गुरूंना फोन लावून रडकुंडीच्या स्वरात म्हणाला, "काका, असाल तसे निघा. माझ्या हातून एक लग्न मोडतंय."

गुरू-शिष्य म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे लगेच पर्णकुटी येते, समिधा येतात, अंगणात एखादं हरीणही येतं. तसलं काही इथे नाही, हे आधीच सांगून ठेवतो. हे गुरू म्हणजे एका नदीकाठच्या गावातले वृद्ध छायाचित्रकार. त्यांचा आश्रम बसस्थानकाच्या मागे, पिठाच्या गिरणीच्या वरच्या मजल्यावर होता. गावातल्या निम्म्या संसारांचा श्रीगणेशा त्यांच्या कॅमेऱ्यासमोर झालेला. लहानथोर सगळे त्यांना काका म्हणत.

शिष्याचं नाव प्रसन्न. नाव प्रसन्न असलं तरी मुद्रा कायम चिंताक्रांत. त्याला कारणही तसंच होतं. इतक्या वर्षांच्या अध्ययनात काकांनी त्याच्या एकाही फोटोला चांगला म्हटलं नव्हतं. हा मोठ्या आशेने फोटो पुढे करी. काका चष्मा कपाळावर ढकलत, फोटो नाकाजवळ धरत, बराच वेळ पाहत, "बरं" म्हणत आणि परत देत. त्या "बरं"चा अर्थ लावता लावता बिचाऱ्याचं कित्येकदा ताटातलं अन्न गार होऊन जाई.

त्या दिवशी मात्र काकांनी प्रथमच एक अख्खं काम त्याच्यावर सोपवलं होतं. साखरपुड्याआधीचे फोटो. हल्ली ही नवी रीत निघाली आहे. पूर्वी नवराबायकोचा एकत्र फोटो लग्न झाल्यावर निघे, तोही खुर्चीत कोणी बसायचं आणि मागे उभं कोणी राहायचं यावर दोन्हीकडच्या आत्याबाईंचं एकमत झाल्यावर. आता आधी फोटो, मग साखरपुडा, मग लग्न. चालायचंच. आमची काही तक्रार नाही.

वराचं नाव निरंजन. तो तंत्रनिकेतनात गणित शिकवायचा. वधू शर्वरी, दातांची डॉक्टर. स्थळ सांगून आलेलं, पत्रिका जमलेली, दोन्हीकडून होकार गेलेला, हॉटेलात चार-दोनदा कॉफीही झालेली. रविवारी साखरपुडा होता. प्रसन्नने तयारीत काही म्हणता काही कमी ठेवलं नव्हतं. घाटावरची जागा पक्की केली, वधूसाठी मोरपिशी झगा भाड्याने आणला आणि वरासाठी एक कोट. झग्याला मागे इतका लांब शेपटा होता की वधू देवळाशी पोहोचली तरी शेपटा अजून नदीवरच असायचा. कोट असा तंग, की त्यात श्वास घेणं हा ज्याच्या त्याच्या मर्जीचा प्रश्न होता.

आणि प्रसन्नपाशी एकच मंत्र होता. नॅचरल!

"नॅचरल राहा हं, एकदम नॅचरल," तो ओरडत होता. "निरंजनसर, डावा हात त्यांच्या खांद्यावर. थोडा खाली. अहो, एवढा खाली नको. बोटं सैल. मान तिरकी. हनुवटी आत. छान. आता दोघंही भविष्याकडे बघा."

"कुठल्या दिशेला?" निरंजनने विचारलं. माणूस गणिताचा, त्याचा प्रश्न रास्तच होता.

"ती पाण्याची टाकी दिसते ना, तिकडे."

दोघांनी भविष्याकडे, म्हणजे नगरपालिकेच्या टाकीकडे पाहिलं. फोटो आला तो नळाला पाणी कधी येणार म्हणून वाट पाहणाऱ्या शेजाऱ्यांचा.

मग झगा उडवायचा कार्यक्रम झाला. प्रसन्न शेपटा दोन्ही हातांनी आभाळात फेकी आणि जिवाच्या आकांताने पळत कॅमेऱ्याशी येई, तोवर शेपटा भुईला टेकलेला. एकदा तो टेकला तो घाटावर निवांत रवंथ करणाऱ्या एका शेळीवर. शेळी तो अंगावर घेऊनच चालू लागली आणि तिच्यामागून वधूही चार पायऱ्या उतरली. हा सकाळचा एकमेव नॅचरल प्रसंग, पण तेव्हा कॅमेऱ्याशी कोणीच नव्हतं.

"आता सर, त्यांच्या कानात काहीतरी बोला. हळूच. काहीही बोला."

निरंजन वाकला. त्याचे ओठ हलले. शर्वरीच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"काय झालं?" प्रसन्नने विचारलं.

"सतराचा पाढा होता," ती म्हणाली.

"काहीही बोला म्हणालात ना," निरंजन पुटपुटला. त्याचे कान लाल झाले होते. मग प्रसन्नने हसायला सांगितलं म्हणून तो हसला, म्हणजे त्याने वरचे सगळे दात ओळीने उघडे केले. शर्वरी त्या दातांकडे लक्षपूर्वक बघत राहिली. शेवटी प्रसन्नला बाजूला घेऊन तिने सांगितलं, की वरची डावी दाढ एकदा बघून घ्यायला हवी.

आणखी एक गोष्ट प्रसन्नच्या कानाला खटकत होती, पण ती नेमकी काय हे काही त्याला उमगेना. ही दोघं एकमेकांशी बोलत होती, नाही असं नाही. पण ते बोलणं ऐकलं की जेवणात मीठ राहून गेल्यासारखं वाटे.

"बसायचं का इथे?" निरंजन म्हणे.

"बसता येईल," शर्वरी म्हणे.

"पाणी हवंय का?"

"चालेल थोडं."

"ऊन लागतंय का?"

"कोणाला?"

"नाही, आपलं... एकंदरीत."

आणि तिचं लक्ष वेधून घ्यायचं असलं की निरंजन हाक मारत नसे, खोकत असे. असा तो तीनचारदा खोकल्यावर शर्वरीने पर्समधून खोकल्याची गोळी काढून त्याच्यापुढे धरली आणि दोन पावलं लांब जाऊन उभी राहिली. त्याने ती मुकाट्याने चघळली. थोड्या वेळाने प्रसन्नजवळ येऊन तो हळूच म्हणाला, "एक विचारू? त्या कंटाळल्यात का हो? माझ्यापासून जरा लांबच असतात."

"छे हो, उजेडाचा प्रॉब्लेम आहे," प्रसन्न म्हणाला. त्याच्या मते जगातली सगळी दुःखं उजेडाची होती.

दुपारी जेवणाआधी शर्वरीने फोटो पाहायला मागितले. कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर ती एकेक फोटो पुढे सारत गेली. सारता सारता तिचा अंगठा मंदावला आणि एका फोटोवर थांबला. त्यात निरंजनचा हात तिच्या खांद्यावर होता, आणि तो तिथे कोणीतरी विसरून गेल्यासारखा दिसत होता.

"दादा," ती म्हणाली, "या माणसाला मी नकोय."

प्रसन्नने घाईने मान हलवली. "अहो, काहीतरीच काय! लाजताहेत ते."

"लाजणं आणि सोसणं यातला फरक मला कळतो. माझ्या खुर्चीत दिवसभर माणसं सोसत बसलेली असतात. तोंड उघडा म्हटल्यावर जसा चेहरा करतात ना, तस्सा आहे हा. मला आवडले होते हो ते. पहिल्या भेटीत कॉफी सांडली तर कागदी रुमालाने टेबल असं काळजीने पुसत होते... मला वाटलं, किती छान माणूस आहे." तिने कॅमेरा त्याच्या हातात परत दिला. "पण घरच्यांनी ठरवलं म्हणून कोणी माझ्याशेजारी उभं राहणार असेल, तर नको मला. संध्याकाळी बाबांना फोन करते. रविवारचं थांबवा म्हणून सांगते."

"त्यांना एकदा विचारून तरी बघा!"

"विचारलं तर हो म्हणतील. मोठे सभ्य आहेत ते. मला ते ऐकायचं नाही, दिसायला हवंय."

आता प्रसन्नला पुढचं सगळं दिसू लागलं. उद्या गावभर होणार, की प्रसन्नने फोटो काढले आणि लग्न मोडलं. त्यानंतर त्याच्याकडून पासपोर्टचा फोटोही कोणी काढून घेतला नसता. पण खरं सांगायचं तर त्याला त्याहून जास्त वाईट त्या मुलीचं वाटत होतं. म्हणूनच त्याने फोन लावला.

काका आले ते स्कूटरवरून, खांद्याला झोळी, पायात घरच्याच सपाता. घाटाच्या वरच्या पायरीवरून त्यांनी हाक दिली, "प्रसन्न!"

खाली उभ्या असलेल्या निरंजनला आणि शर्वरीला वाटलं, ही सूचनाच आली. दोघांनी तत्क्षणी दात दाखवले.

"तुम्हाला नाही, त्याला," काका म्हणाले. दात पुन्हा झाकले गेले.

प्रसन्नने त्यांना एका कोपऱ्यात नेऊन सगळी कर्मकथा सांगितली. उजेडाचं सांगितलं, शेळीचं सांगितलं, पाढ्याचं सांगितलं आणि शेवटी शर्वरीचं बोलणं सांगितलं. काका मात्र त्याच्याकडे बघतच नव्हते. त्यांचा कान पलीकडे पायरीवर चहा पीत बसलेल्या त्या दोघांकडे होता.

"साखर कमी आहे का?" निरंजन विचारत होता.

"ठीक आहे तशी."

"आणखी मागवली जाऊ शकते."

काका गालातल्या गालात हसले. "ऐकलंस?"

"काय?"

"त्यांच्या वाक्यांत माणूसच नाही," काका म्हणाले. प्रसन्नला काही कळलं नाही. "कॅमेरा बॅगेत घाल. बॅगेची चेन लाव."

"अहो काका, चार वाजत आले! उजेड जाईल!"

"जाऊ दे. उद्या परत येतो तो." आणि काका त्या दोघांसमोर जाऊन उभे राहिले. झोळीत हात घालून त्यांनी पत्त्यांचा एक जुनाट, कडा मऊ पडलेला कॅट बाहेर काढला. "काय हो डॉक्टरीणबाई, बदाम सात येतो का?"

प्रसन्नने कपाळाला हात लावला. लग्न मोडायला टेकलंय आणि गुरू पत्ते पिसताहेत! वय झालं म्हणायचं, दुसरं काय.

काकांनी तो मोरपिशी शेपटा पायरीवर चादरीसारखा पसरायला लावला. सकाळपासून हवेत फेकल्या गेलेल्या त्या वस्त्राचा जन्मात प्रथमच काही उपयोग झाला. निरंजनला त्यांनी कोट काढायला सांगितला. कोट निघाला तसा तो असा दीर्घ श्वास सोडता झाला, की काकांच्या हातातले दोन पत्ते उडाले. बदाम सात हा खेळ आपल्याकडे कोणाला शिकवावा लागत नाही. तरी माहीत नसलेल्यांसाठी सांगतो. सगळे पत्ते वाटून टाकायचे. प्रत्येक रंगाची सत्ती मध्ये पडली की तिच्याखाली छक्की, मग पंजी असं एक्क्यापर्यंत उतरायचं आणि वर अठ्ठीपासून राजापर्यंत चढायचं. मधला एक पत्ता कोणी हातात धरून ठेवला की पुढच्या सगळ्यांची वाट बंद. लावायला काहीच नसलं की पास. ज्याचे पत्ते आधी संपतील तो सुटला.

चौघांचा डाव सुरू झाला तो अत्यंत सुसंस्कृतपणे. बदामची सत्ती शर्वरीकडे होती, तिने ती ठेवली.

"आता इकडून लावलं गेलं तर चालेल ना?" निरंजनने विचारलं.

"चालायला हरकत नाही," ती म्हणाली.

पण पत्त्यांचं एक असतं. हातात आले की हळूहळू माणसाच्या आतलं पोर जागं होतं. थोड्या वेळाने निरंजनने बाह्या दुमडल्या. कोणाकडे काय असेल याचं गणित त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसू लागलं. इस्पिकची सत्ती पडली. शर्वरी सरसावून बसली, कारण तिच्या हातात इस्पिकची खालची जवळजवळ सगळी फौज होती. फक्त वर छक्की पडायची खोटी होती.

छक्की काही पडेना.

"पास," शर्वरी म्हणाली.

फेरी फिरली. काकांनी चौकट लावली, प्रसन्नने इस्पिकची अठ्ठी, निरंजनने बदाम.

"पास," शर्वरी म्हणाली. या वेळी जरा दातओठ खाऊन.

"कोणीतरी इस्पिकची छक्की दाबून बसलंय," काका पत्त्यांतून मान वर न करता म्हणाले. "मी बापडा कोणाचं नाव घेत नाही."

शर्वरीने प्रसन्नकडे पाहिलं. प्रसन्नने आईशपथ नाही अशी मान हलवली. तिने काकांकडे पाहिलं. काकांनी नुसत्या भुवया उडवल्या. मग तिने निरंजनकडे पाहिलं. निरंजन भविष्याकडे बघत होता. एकटक, टाकीकडे.

पुन्हा फेरी. पुन्हा पास. पुढच्या फेरीत किलवरची सत्ती पडली, तेव्हा कुठे शर्वरीला तिच्याखाली छक्की लावता आली. मग अशी वेळ आली की निरंजनकडचं लावण्याजोगं सगळं संपलं. नियम म्हणजे नियम, आणि माणूस गणिताचा. त्याने हातातून एक पत्ता अगदी सावकाश काढला आणि त्या मोरपिशी कापडावर असा काही ठेवला, की जणू त्याला तो आत्ताच सापडला होता. इस्पिकची छक्की.

"तुझ्याकडे होती?" शर्वरी किंचाळली. घाटावरची कबुतरं उडाली. "मगापासून तुझ्याकडे होती? मी इथे पास पास करून मरतेय, आणि तू खुशाल त्या टाकीकडे बघत बसलायस? लबाडा!"

आणि मग ती एकदम थांबली. आपण काय बोलून गेलो हे तिच्या लक्षात आलं. तिचा हात तोंडावर गेला.

निरंजन तिच्याकडे बघत होता. तोंड किंचित उघडं. खांद्यावरची गोणी कोणीतरी अलगद उतरवून घ्यावी तसा त्याचा चेहरा झाला होता. प्रसन्नला क्षणभर वाटलं, संपलं सगळं, हा आता उठून जाणार.

"आणि तू?" निरंजन म्हणाला. त्याचाही आवाज चढला. "तू किलवरची अठ्ठी दाबली नाहीस? माझा राजा, राणी, गुलाम सगळं खानदान हातात कुजतंय! दाखव. दाखव पाहू तुझे पत्ते!"

"मुळीच नाही दाखवणार!"

"म्हणजे आहे! बघा काका, आहे हिच्याकडे!"

"नियमात बसतं ते!"

"मग माझं कसं बसत नव्हतं गं?"

तिने पत्ते पाठीमागे लपवले. त्याने तिचं मनगट धरलं. सकाळपासून ज्या हाताला खांद्यावर कुठे ठेवायचं हे शिकवून प्रसन्नचा घसा बसला होता, तो हात कोणी न शिकवता बरोबर जागी गेला होता. दोघं हसत होती. निरंजनचे सगळे दात दिसत नव्हते, दोनचारच दिसत होते, त्यातला एक जरासा वाकडा. शर्वरी त्या दाताकडे बघत होती, पण डॉक्टरांसारखी नव्हे.

प्रसन्नचा जीव कासावीस झाला. हाच! हाच तो फोटो! त्याचा हात नकळत बॅगेच्या चेनकडे गेला. तेवढ्यात काकांनी त्याचं मनगट घट्ट दाबून धरलं.

"तुझी पाळी आहे," ते म्हणाले. "खेळ."

"काका, अहो, फोटो..."

"खेळ म्हटलं ना."

तो खेळला. कुठला पत्ता टाकला ते त्याला आजही सांगता येणार नाही. डावात शेवटी काका सुटले. बाकी कोणाचं लक्षच नव्हतं म्हणा.

मग काकांनी पत्ते झोळीत टाकले आणि म्हणाले, "काढ आता बॅग. उजेड आहे अजून. आणि तोंडातून एक शब्द काढायचा नाही."

शिष्याने गुरूंची आज्ञा पाळली. त्या दोघांनी कसं उभं राहावं हे त्याने सांगितलं नाही, आणि ती दोघंही त्याला विचारायला आली नाहीत. त्यांचा वाद अजून चालूच होता. मागच्या डावात कोणी काय दाबलं इथून तो निघाला, तिथून लहानपणी सुट्टीत कोण कोणाला फसवायचं इथे गेला, आणि तिथून पंगतीत न आवडणारा पदार्थ पानाखाली कसा लपवायचा, यावर आला. ऊन उतरत होतं. प्रसन्न आपला बटण दाबत राहिला.

शेवटी शर्वरीने कॅमेरा हातात घेतला. पुन्हा तो छोटा पडदा, पुन्हा तो अंगठा. एका फोटोवर ती थांबली. त्यात ती बोट नाचवून निरंजनला काहीतरी बजावत होती, आणि तो मान खाली घालून हसत, डोळे मात्र वर करून तिच्याकडे बघत होता. मग तिने पर्समधून फोन काढला आणि वडिलांचा नंबर लावला. प्रसन्नने श्वास रोखून धरला.

"हां बाबा," ती म्हणाली. "रविवारचं सांगायचं होतं. ऐका ना. आचाऱ्याला म्हणावं श्रीखंड नको, बासुंदी कर. त्याला श्रीखंड आवडत नाही." पलीकडून काहीतरी प्रश्न आला असावा. शर्वरी लाजून पाठमोरी झाली. "त्याला म्हणजे कोणाला काय बाबा! त्याला म्हणजे त्याला!"

प्रसन्नने सोडलेला श्वास निरंजनच्या मघाच्या श्वासाहून मोठा होता.

स्कूटरवरून परतताना त्याला राहवलं नाही. "काका, हे काय केलंत तुम्ही?"

काका हँडल सांभाळत म्हणाले, "त्या दोघांच्या बोलण्यात सकाळपासून एक शब्द नव्हता. 'तू'. त्याच्या आईने बजावलं असणार, शिकलेली मुलगी आहे, अहो-जाहो कर. मित्र म्हणाले असणार, वेड्या, 'तू' म्हण. तिलाही तिकडे असंच काहीतरी. 'तुम्ही' म्हणावं तर परकं वाटतं, 'तू' म्हणावं तर आगाऊ दिसतं. मग दोघांनीही हाक मारायचीच टाळली. याला वाटलं आधी तिने म्हणावं, तिला वाटलं आधी त्याने. पत्ता दोघांच्याही हातात, आणि दोघंही पास. ज्याला हाकच मारता येत नाही त्याच्या खांद्यावर हात ठेवायचा कसा, सांग? आपण फोटो काढतो म्हणतो, पत्ताही काढतो म्हणतो. आत असेल ते बाहेर येऊ द्यायचं, एवढंच आपलं काम. तू सकाळपासून काढत नव्हतास, घालत होतास."

प्रसन्नने विचारलं, "पण बदाम सातच का?"

"त्या खेळात 'तुम्ही' म्हणून भांडलेलं माणूस मी अजून पाहिलेलं नाही."

"आणि माझा हात का धरलात? केवढा फोटो गेला!"

"पहिला 'तू' त्यांचा होता," काका म्हणाले. "तू कॅमेरा वर केला असतास, तर दोघांनी तो तिथल्या तिथे गिळला असता. मग दुसऱ्यांदा तो बाहेर आलाच नसता."

दुसऱ्या दिवशी प्रसन्नने तो बोट नाचवणारा फोटो मोठा करून छापला आणि नेहमीप्रमाणे काकांपुढे धरला. खाली गिरणीची घरघर चालू होती. काकांनी चष्मा कपाळावर ढकलला, फोटो नाकाजवळ धरला, बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, "बरं."

त्यांनी फोटो परत द्यायला हात पुढे केला. प्रसन्नने तो घेतला नाही.

"काका," तो म्हणाला. "तुमची पाळी आहे. खेळा."

काकांनी त्याच्याकडे पाहिलं. मग त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. तिथून नगरपालिकेची टाकी छान दिसते.

"टाकीकडे बघू नका," प्रसन्न म्हणाला. "इतकी वर्षं पास म्हणताय तुम्ही."

गिरणी कोणीतरी बंद केली असावी, कारण एकाएकी खोलीत शांतता पसरली. काकांनी फोटो पुन्हा नाकाजवळ नेला. या वेळी मात्र ते फोटो बघत नव्हते, त्याच्याआड चेहरा लपवत होते.

"चांगला आहे," ते फोटोच्या आडून म्हणाले. "फार चांगला आहे रे. आणि गेल्या वर्षी गिरणीवाल्याच्या आईचा काढला होतास, कोपरापर्यंत पिठात हात असलेला, तोही चांगला होता. मी तेव्हाच म्हणणार होतो. शेफारशील म्हणून थांबलो. मग राहूनच गेलं."

शिष्याची मुद्रा प्रथमच नावाला शोभेल अशी दिसत होती, आणि नेमका तेव्हाही कॅमेऱ्याशी कोणी नव्हतं.

तेव्हा वाचकहो, आज घरी गेलात की आधी आपल्या हातातले पत्ते तेवढे बघून घ्या, कारण समोर कोणीतरी केव्हाचं पास म्हणत बसलेलं असतं.